आधी कोण होतं?

स्पेनची सहल ठरली की आपला मराठी माणूस बार्सिलोना आणि माद्रिद आधी पदरात पाडून घेतो. कोर्दोबाच्या वाट्याला येतो तो उरलेला अर्धा दिवस. माद्रिदहून वेगवान गाडीने पावणेदोन तास, म्हणजे सकाळी निघालं की जेवणाच्या आत हजार-बाराशे वर्षांचा इतिहास उरकतो आणि दुपारी खरेदीला मोकळे!

कोर्दोबाला पोचणारे आपले लोक दोन गोटांत मोडतात. पहिल्या गोटाला तिथे मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू गुण्यागोविंदाने नांदल्याचा पुरावा हवा असतो. दुसऱ्या गोटाला ‘ख्रिस्ती लोकांनी परत मिळवलं, मग आपण का नाही?’ याचा. एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन्ही गोट गावातल्या जुन्या मशिदीच्या दारात गाइडला प्रश्न मात्र एकच विचारतात: ‘इथे आधी काय होतं हो?’ उत्तर कानावर पडायच्या आत फोटो घराच्या ग्रुपवर पडलेला असतो, खाली शेरा मारून.

पहिल्या गोटाची गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. दहाव्या शतकात, मुसलमान राजवटीत, कोर्दोबा युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. खलिफा दुसरा अल-हकम याच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असं सांगतात. आकडा फुगवलेला असेल, पण माणूस पुस्तकवेडा होता हे नक्की. त्याच्यामागे सत्ता बळकावणाऱ्या अल-मन्सूरने धर्मपंडितांची मर्जी राखायला त्याच ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली. 1126 मध्ये याच गावात जन्मलेल्या तत्त्वज्ञ इब्न रुश्दने ॲरिस्टॉटल उलगडून सांगितला. उतारवयात, 1195 मध्ये, त्याला हद्दपारी मिळाली आणि त्याचीही पुस्तकं आगीत गेली. ज्यू विचारवंत मायमोनिडीसच्या घरच्यांनी तर कट्टर अल्मोहाद राज्यकर्ते येताच गाव सोडलं. आज दोघांचेही पुतळे गावात आहेत. ते बसले 1960 च्या दशकात, म्हणजे फ्रँकोच्या हुकूमशाहीत. विचार करणारा माणूस आठशे वर्षांपूर्वी मेलेला असला की हुकूमशहालाही तो चालतो. मायमोनिडीसच्या पुतळ्याचा पाय चोळला की अक्कल येते म्हणे. पाय चकचकीत झाला आहे. अकलेचं पर्यटकांनी आपापलं तपासावं.

आता दुसरा गोट. 997 मध्ये अल-मन्सूरने ख्रिस्ती तीर्थक्षेत्र सान्तियागो लुटलं आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या. मशिदीत त्यांचे दिवे केले. 1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत धाडल्या. इतिहासाचा हिशेब चुकता झाला, असं दुसरा गोट म्हणतो. खरंच झाला. फक्त दोन्ही वेळा खांदा ज्याचा सोलला, त्याला कोणी विचारलं नाही.

पुढची गंमत या गोटाला गाइडही सांगत नाही. जिंकणाऱ्यांनी मशीद पाडली नाही. तिचं कॅथेड्रल केलं आणि जवळपास तीनशे वर्षं ती थोड्याफार फेरफारांनिशी वापरली. 1523 मध्ये बिशपला मधोमध नवं उंच बांधकाम करायची हुक्की आली, तेव्हा आडवी आली ती गावचीच नगरपालिका. ख्रिस्ती नगरपालिका! जो गवंडी पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड, अशी तिने तंबी दिली. बिशप सम्राट पाचव्या कार्लोसकडे गेला आणि सम्राटाने न बघताच परवानगी दिली. नंतर बघितल्यावर, जगात कुठेही नसलेली वस्तू मोडून कुठेही सापडेल अशी उभी केलीत, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला असं सांगतात. म्हणालाही असेल. बोलायला खर्च येत नाही. याच सम्राटाने ग्रानाडात, अल्हाम्ब्राच्या अंगणात, स्वतःचा राजवाडा काढला होता. त्यावर छप्पर चढलं ते थेट विसाव्या शतकात.

हल्लीचा सामना त्याहून रंगतदार आहे. 2006 मध्ये कोर्दोबाच्या बिशपच्या कार्यालयाने ही वास्तू आपल्या नावावर नोंदवून घेतली. खर्च सुमारे तीस युरो. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव काढून आपलं चढवायला याहून जास्त चहापाणी लागतं. शिवाय कायदा असा सोयीचा, की चर्चच्या मालकीचा दाखला बिशपनेच द्यायचा. अर्जदार तोच आणि तलाठीही तोच. ओरड झाली, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, 2015 मध्ये कायद्यातली ती पळवाटही बंद झाली. नोंद आहे तिथेच आहे.

या सगळ्या धबडग्यात आत जाऊन खांब बघायचे राहतात. ते आहेत आठशे छप्पन्न. बरेचसे रोमन आणि व्हिसिगोथ इमारतींमधून उचललेले, म्हणून एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नाही आणि माथेही वेगवेगळे. मुळात ते बुटके. त्यांवर छप्पर टाकलं असतं तर एवढं मोठं दालन अंगावर आलं असतं. म्हणून आठव्या शतकातल्या कारागिरांनी कमानीवर कमान चढवली, लाल वीट आणि फिकट दगड आलटून पालटून. जगभर जिचे फोटो जातात ती शोभा अशी जुन्या मालाच्या अडचणीतून निघाली. मिहराब म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा; त्यावरच्या सोनेरी नक्षीसाठी काचेचे तुकडे आणि कारागीर ख्रिस्ती बायझंटाईन सम्राटाने धाडले, असं अरबी इतिहासकारच लिहून गेले आहेत. बाहेरच्या घंटाघराच्या पोटात जुन्या मिनाराचा भाग अजून उभा आहे. ‘आधी कोण होतं?’ याचं उत्तर हवं असेल तर त्या खांबांना विचारावं. तेही दुसरीकडूनच आलेले.

दोन्ही गोटांना विनंती एवढीच. जायचं तर मुक्कामाला जा आणि जुलै-ऑगस्ट टाळा. पारा चाळिशी सहज ओलांडतो. मे महिन्यात घरोघरची फुलांनी भरलेली अंगणं लोकांसाठी उघडी असतात, तेव्हा गेलात तर उत्तम. आणि भांडणाची खुमखुमी घरी ठेवून जा. त्या कामाला तिथली माणसं पुरेशी आहेत.