किलोला चोवीस वर

आमच्या भूममधल्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो पीसी-एक्सटी, तोही जुना. हार्ड डिस्क नव्हती, फ्लॉपी ड्राइव्ह मात्र दोन. म्हणजे रात्री झोपला की सगळं विसरायचा, आणि सकाळी एका ड्राइव्हमधून डॉस पाजल्याशिवाय डोळे उघडायचा नाही. हिशेबाची फ्लॉपी दुसऱ्यात.

फ्लॉप्या आणायला बार्शीला गेलो, आबांसोबत. आमची खव्याची भट्टी. चिमटीत दाबून, नाकाशी नेऊन बघितल्याशिवाय आबा माल घेत नसत. त्यांनी सव्वापाच इंची फ्लॉपी पाकिटातून काढली तोच दुकानदार ओरडला, "काका, त्या खिडकीला बोट लावू नका!"

"मालाला हात लावायचा नाही, मग घ्यायचा कसा? बरं, मावतं किती?"

"३६० केबी. किलोबाइट."

किलो म्हटल्यावर आबा सावरून बसले. कॉम्प्युटरच्या किलोत हजार नाही, १०२४ बाइट असतात हे कळल्यावर तर गहिवरलेच. हजाराला चोवीस वर घालणारा व्यापारी त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग दुकानदाराने १.२ एमबीची काढली. आकार तोच, माल तिपटीहून जास्त.

"हाय डेन्सिटी आहे, काका."

"म्हणजे जास्त आटवलेली."

पुढे मी कॉम्प्युटरचे वर्ग केले, पण डेन्सिटी इतकी नीट कुणी समजावली नाही. आमच्या ३६०च्या ड्राइव्हला मात्र ती पचणारी नव्हती. शिवाय १.२च्या ड्राइव्हचं हेड बारीक. त्याने आमच्या फ्लॉपीवर लिहिलं तर ओळ बारीक उमटणार, आणि आमचं जाडं हेड दोन्ही कडांचं जुनं लिखाणही सोबत वाचत बसणार. त्यामुळे "इथं कॉपी करून देतो, पण घरी चालेलच असं नाही," असं दुकानदार म्हणाला.

"तरीच चोवीस वर घालतात!" आबा म्हणाले.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आबांनी ऐकलं नसतं. पैसे कोऱ्या फ्लॉपीचे, आतला माल मैत्रीखात्यात. वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस थ्री प्लस, काय हवं ते बोला. आबांची अट एकच होती: वहीवर आधी 'श्री' आला पाहिजे. देवनागरी हवी तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड यंत्रात बसवावं लागेल, असं कळलं. एका 'श्री'साठी एवढा खर्च? दसऱ्याला आईने मॉनिटरच्या कपाळावर कुंकवाने 'श्री' काढला आणि त्याखाली लोटसमध्ये दुधाचा जमाखर्च इंग्रजीत सुरू झाला.

मैत्रीखात्यातल्या कुठल्या तरी फ्लॉपीतून जोशीही घरात आले. जोशी म्हणजे १९९० साली भारतात सापडलेला बूट सेक्टरचा व्हायरस. एरवी गप्प. ५ जानेवारीला मात्र यंत्र अडून बसलं: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा, त्याशिवाय काम नाही. बाहेर गवळी पैशांसाठी खोळंबलेले.

"कोणते जोशी?" आबांनी विचारलं. "पोस्टातले?"

मी मुकाट्याने शुभेच्छा टाइप केल्या. यंत्र पुढे सरकलं.

"फुकटात आपल्याकडं ऱ्हायले, आन् वाढदिवस बी आपणच करायचा," आबा म्हणाले. "पेढे तेवढे मागू नका म्हणावं. कुंथलगिरीची ऑर्डर आधीच अंगावर आहे."