मद्रासच्या कचेऱ्या : नवागतास मार्गदर्शन

कचेरी म्हटली की महाराष्ट्रीय मनुष्याच्या डोळ्यांपुढे मामलेदार, मुद्रांकाचा कागद आणि 'उद्या या' म्हणणारा कारकून ही त्रिमूर्ती उभी राहते. मद्रासेत मात्र कचेरी म्हणजे गाण्याची मैफल, आणि ज्या संस्थेच्या विद्यमाने ती भरते तिला सभा असे म्हणतात, म्हणून 'संध्याकाळी सभेच्या कचेरीस जावयाचे आहे' असे तेथे कोणी म्हणाल्यास त्याची कीव न करता मुकाट्याने त्याच्यासोबत निघावे, ही आमची पहिली सूचना. (मद्रासचे नाव 1996 मध्ये चेन्नई झाले हे आम्हांस ठाऊक आहे, परंतु ज्या म्युझिक अकादमीच्या दारात आपणांस प्रथम उभे राहावयाचे आहे तिने आपल्या नावातील मद्रास अद्याप सोडलेले नाही, तेव्हा आम्हीच का सोडावे?)

शब्दसाम्याचा हा विनोद तेवढ्यावर संपत नाही. आमच्याकडे कचेरी दहास उघडते असे पाटीवर लिहिलेले असते. तेथे साडेसहाची कचेरी खरोखरच साडेसहास उघडते, आणि गवई तंबोरा लावीत असताना बाहेर जाऊन चहा घेऊन येण्याची ज्यास पुण्यामुंबईच्या मैफलींतून सवय जडली आहे असा रसिक आत येईतो वर्णम् होऊन एखादी कृतीही निकालात निघालेली असते. आधी वर्णम्, मग लहानमोठ्या कृती, मध्यभागी एक भरभक्कम मुख्य प्रकरण, त्यास जोडून तालवाद्यांची स्वतंत्र कैफियत, शेवटी किरकोळ कामकाज आणि मंगलम् हा कामकाजाचा क्रम अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (1890–1967) यांनी असा पक्का करून ठेवला की तो आता वहिवाटीच्या हक्काने चालतो, आणि तो मोडणाऱ्या गवयास वृत्तपत्रांतून जाब द्यावा लागतो. त्या शेवटच्या किरकोळ कामकाजास तेथे 'तुक्कडा' म्हणतात. हाही आपलाच शब्द, केवळ जरा जोराने उच्चारलेला.

हा सर्व कारभार भरास येतो तो मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे. मार्गळी म्हणजे आपला धनुर्मासच. फरक इतकाच की आपण धुंधुरमासात पहाटे उठून बाजरीची भाकरी, लोणी व खिचडी यांचा समाचार घेतो, आणि ते पहाटे उठून गातात. विवाहादी कार्ये या महिन्यात वर्ज्य असल्यामुळे आप्तेष्टांच्या लग्नाची सबब सांगून गाणे चुकविण्याची सोय कोणापाशी उरत नाही. 1927 च्या डिसेंबरात मद्रासेस काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने एक संगीत परिषद झाली आणि तीतून 1928 मध्ये अकादमी निघाली. त्या अधिवेशनातील इतर ठरावांपैकी किती अमलात आले याचा हिशेब इतिहासकारांनी करावा, गाण्याचा ठराव मात्र दरसाल अमलात येत आहे.

मुक्कामास मैलापूर पसंत करावे. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथींतून, उजाडण्यापूर्वी, दारोदारच्या तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्यांवर पाय न पडेल अशा बेताने हिंडावे; या रस्त्यांवर वाग्गेयकार पापनाशम् शिवन् मार्गळीच्या पहाटे भजने गात फिरत असत, आणि तो प्रघात आजही चालू आहे. तेथे तिकीट नाही, खुर्ची नाही, आणि आपण परके आहो हे विचारण्याइतके जागेही कोणी झालेले नसते. आमच्या मते महिनाभरातले सर्वांत सुखाचे ऐकणे हेच. परंतु हे मत सायंकाळच्या कचेरीत बोलून दाखवू नये.

आठाच्या सुमारास अकादमीत पंडितांची सप्रयोग व्याख्याने सुरू होतात. एका रागातील गांधार किती हलवावा यावरून तेथे जो वाद चालतो त्याच्या तीव्रतेपुढे आपल्याकडील भाऊबंदकीचे दावे सौम्य वाटतात. नंतर तिरुवल्लिक्केणीस, म्हणजे इंग्रजांच्या ट्रिप्लिकेनास, जावे. पार्थसारथीच्या देवळाचा हा परिसर जुना, आणि शहरातील सर्वांत जुनी सभा याच देवाच्या नावाने चालत आली आहे. त्यागरायनगरात (तेथील लोक टी. नगर म्हणतात) जाताना सावधगिरी बाळगावी. तेथे वाणी महाल आहे, कृष्ण गान सभा आहे, आणि दोहोंच्या वाटेवर रेशमी वस्त्रांची अशी प्रचंड दुकाने आहेत की आम्ही केवळ एक साधी वेष्टी घ्यावी म्हणून आत शिरलो ते बाहेर पडलो तेव्हा तिकिटाचा उपयोग पावतीखालचा कागद म्हणून करण्यापलीकडे उरला नव्हता. एस्प्लनेडकडील तमिळ इसै संगमाचा इतिहास (स्थापना 1943) मात्र समजून घ्यावा, कारण त्यागराजांच्या कृती तेलुगूत, दीक्षितरांच्या संस्कृतात, मग तमिळ देशात तमिळने काय करावे, हा रास्त प्रश्न त्या संस्थेच्या मुळाशी आहे. दुसरा रास्त प्रश्न असा की हे सारे गाणे ठराविक पेठांत आणि ठराविक घरांत का घुटमळते. तो विचारीत 2015 पासून उरूर-ओल्कॉट कुप्पम् या कोळीवाड्यात काही कलावंतांनी उत्सव भरविला. ज्यास हे शहर केवळ ऐकावयाचे नसून पाहावयाचेही आहे त्याने समुद्राकाठच्या त्या वस्तीवरून चक्कर टाकावी.

आता उपाहारगृह. प्रत्येक नामांकित सभेच्या आवारात हंगामापुरता मांडव घालून भोजनाचा बंदोबस्त केलेला असतो, आणि गाणे कोणाचे हे पाहण्यापूर्वी आचारी कोण आहे याची खातरजमा करून घेणारे रसिक बहुसंख्य नसले तरी अल्पसंख्य खासच नाहीत. दुपारी केळीच्या पानावर यथासांग जेवण, तिसऱ्या प्रहरी केळफुलाचा वडा, अडै आणि अवियल, मुगाच्या डाळीचा अशोक हलवा, आणि या सर्वांवर दवऱ्यातून पेल्यात व पेल्यातून दवऱ्यात हातभर उंचीवरून ओतलेली फिल्टर कॉफी. दुपारच्या कचेऱ्या नवोदितांच्या असून बहुधा विनामूल्य असतात. जेवून येणाऱ्या श्रोत्यांस निद्रेची मुभा असल्यामुळे त्या तरुण मंडळींचे धैर्य मोठे वाटते, आणि सांगावयास हरकत नाही, आम्ही ऐकलेल्या उत्तम गाण्यांपैकी दोन याच वेळची आहेत, अर्थात जितकी जागेपणी ऐकली तितकी.

सभागृहात जागा घेताना व्यासपीठापेक्षा शेजारी कोण आहे हे पाहावे. आपल्याकडे मैफलीत मान हलविली की दाद पोहोचते. तेथे उजव्या हाताने मांडीवर ताल धरावा लागतो, आणि तो चुकल्यास दिसतो. आदितालाचे आठ हिशेब असे : एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटे, मग टाळी व उलटा पंजा, पुन्हा टाळी व उलटा पंजा. शेजाऱ्याच्या हातावर नजर ठेवून आपला हात चालविणे ही नवागताची रूढ युक्ती आहे. आम्ही पहिल्या दिवशी ज्या गृहस्थाचा असा अर्धा तास कसोशीने पाठपुरावा केला ते केवळ डास मारीत होते असे मागाहून निष्पन्न झाले. खूष झाल्यास 'सबाश' म्हणावे. ही आपलीच शाबास, फारसीतून निघून दक्षिणेस स्थायिक झालेली.

रागाच्या बाबतीत आपल्या ज्ञानाचा दाखला देऊ नये. कल्याणी म्हणजे यमन, मोहनम् म्हणजे भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, येथवर सुरळीत चालते आणि मनुष्य गाफील होतो. मग तोडीची घोषणा होते, आपण आपली तोडी आठवून डोळे मिटतो, आणि ऐकू येतात ते आपल्या भैरवीचे स्वर. भैरवी म्हणून जाहीर झालेला राग भैरवी नसतोच. या दोन मुलखांमधला तहनामा ज्यांनी स्वतःच्या गळ्यात केला ते मिरजेचे अब्दुल करीम खाँ. त्यांनी दक्षिणेची सरगम आपलीशी केली, खरहरप्रियेतील त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रिकेत गाऊन ठेवली, आणि 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीस जात असता सिंगपेरुमाळकोविलच्या लहानशा स्टेशनावर उतरून तेथेच देह ठेवला. त्या बाजूस गाडीने जाण्याचा योग आल्यास ते स्टेशन येईपर्यंत जागे राहावे.

मुख्य प्रकरणानंतर 'तनि आवर्तनम्' लागते. मृदंगम्, घटम् आणि कंजिरा एकमेकांस सवाल घालू लागतात. कंजिरा म्हणजे हाताच्या पंजाएवढी एक डफली, पूर्वापार घोरपडीच्या कातड्याने मढविलेली. सिंहगडाचा कडा ज्या प्राण्याच्या भरवशावर चढल्याची कथा आपण बाळपणी ऐकली, त्याच्या जातभाईने येथे तालाचा कडा चढावा याचे आम्हांस अगत्य वाटले. नेमक्या याच क्षणी निम्मे सभागृह उठते आणि शिस्तीने उपाहारगृहाकडे चालू लागते. नवागताने उठू नये. रिकाम्या खुर्च्यांमधून घटम्‌चा खोल नाद अधिक मोकळा येतो, पुढच्या रांगेत हातपाय पसरता येतात, आणि परत येणारे लोक आपणांस जाणकार समजू लागतात.

असा जाणकार ठरल्यावरच आमच्यावर प्रसंग आला. तुक्कड्यांच्या वेळी गायिकेने चक्क अभंग आरंभिला. तंजावरास भोसल्यांचे राज्य पावणेदोनशे वर्षे नांदले, रामदासी मठ आणि मराठी कीर्तनकार तेथे पोहोचले, तिकडच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग मुरले. त्यामुळे हे आश्चर्य नव्हे, हक्क होय, अशा थाटात आम्ही ताठ बसलो. विठ्ठलाचा 'ठ' तमिळ जिभेवर किंचित सडपातळ होतो, परंतु 'ळ' असा निखळ येतो की काशीप्रयागच्या गवयांनी शिकून घ्यावा. शेजारचे मामा (वडीलधाऱ्या पुरुषास तेथेही मामाच म्हणतात) दोन तास आमच्या चुकणाऱ्या हाताकडे सौजन्याने दुर्लक्ष करीत होते, ते आता आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "तुमची भाषा ना? मग दुसऱ्या चरणातल्या त्या शब्दाचा अर्थ काय हो?"

शब्द सातशे वर्षांपूर्वीचा होता. आम्ही घसा साफ केला, संदर्भावर अवलंबून आहे असे म्हटले, कंजिऱ्याविषयी काही बोलून पाहिले. मामांनी शांतपणे खिशातून एक लहानशी वही काढली. तीत तो अख्खा अभंग तमिळ लिपीत उतरविलेला होता आणि समोर प्रत्येक शब्दाचा अर्थ होता. तो त्यांनी आम्हांस इंग्रजीत समजावून दिला, दोनदा, आणि आम्ही तो टिपून घेण्यासाठी तिकिटाची मागील बाजू शोधू लागलो. तेव्हा जाणाऱ्याने वही अवश्य सोबत न्यावी. पेन्सिल न नेली तरी चालेल, ती मामांपाशी असते.