बोनस वजा 25,536 रुपये

1998 साली सी प्लस प्लस भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि 'आयओस्ट्रीम डॉट एच' या फाइलला त्यातून निरोप मिळाला. पुढच्याच वर्षी, 1 मे 1999 रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गोंदियाकरांनी पत्त्यातला जुना जिल्हा केव्हाच खोडला. 'डॉट एच' मात्र बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या जर्नलांत पहिल्या ओळीवर ठाण मांडून आहे, आणि त्याच्याखाली 'व्हॉइड मेन' आहेच.

हा संसार चालवायला लागतो टर्बो सी प्लस प्लस, बोरलँड कंपनीचा 1990 च्या दशकारंभीचा डॉसवरचा कम्पायलर. आजचे 64 बिटी विंडोज त्याला दारात उभे करत नाही. म्हणून आधी डॉसबॉक्स टाकायचे. त्याचे काम एकच, नव्या कॉम्प्युटरला म्हातारपणाचे सोंग घ्यायला लावणे. निळा पडदा उगवला की मुले नवा कोड लिहायला मोकळी.

आता साकोली-लाखनीकडच्या एखाद्या हौशी पोराने धानाच्या बोनसचा हिशेब करायला घ्यावा. राज्य सरकारने 2023-24 च्या खरिपासाठी हेक्टरी 20,000 रुपये जाहीर केले, मर्यादा दोन हेक्टरांची. गुणाकार पहिलीतला. पण टर्बोतला 'इंट' 16 बिटांचा, त्याची धाव 32,767 पर्यंतच. 20,000 गुणिले 2 केले की पडद्यावर येते वजा 25,536. म्हणजे बोनस राहिला बाजूला, शेतकऱ्याकडूनच येणे निघाले! (चुकाऱ्यांची वाट पाहून थकलेल्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.)

"पाया पक्का होतो," असे यावर समर्थन असते. पण लूप नव्या कम्पायलरवरही तेवढाच फिरतो. खरी भीती प्रॅक्टिकलच्या गुणांची. एक्स्टर्नलसमोर जर्नलशी जुळेल ते बरोबर. मग एकट्या शिक्षकाने 'इंट मेन' शिकवून मुलांचे गुण का पणाला लावावेत? याच विषयाच्या दुसऱ्या पेपरात इंटेलचा 1976 चा 8085 मायक्रोप्रोसेसर आहे, पण तो निदान वय लपवत नाही.

बँकेतला जुना, चालता कोड कोणी जपला तर समजते. पायथनवाल्यांनीही तिसरी आवृत्ती 2008 मध्ये आणली आणि दुसरीला 1 जानेवारी 2020 पर्यंत सांभाळले. पण ती जुन्या कोडची सोय होती. कोऱ्या पानावर नवा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला कसली अडचण?

जीसीसी कम्पायलर फुकट मिळतो. बोर्डाने येत्या जूनपूर्वी दोन ओळींचे परिपत्रक काढावे: 'डॉट एच' नाही म्हणून कोणाचे गुण कापू नयेत.