जैन एव्हरीथिंग

न्यू जर्सीहून कायमचा परतलेला माणूस पुण्यात दोन गोष्टींसाठी झुरतो: लेनची शिस्त आणि बेगल. पैकी पहिलीची आशा तो विमानतळावरून घरी पोचेपर्यंत सोडून देतो. दुसरी काही सुटत नाही. आमचा मेहुणा एडिसनमध्ये तपभर राहून आला. तेव्हापासून पोह्यांची बशी पुढे आली, की तो "तिकडे रविवारी सकाळी..." एवढंच म्हणतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. त्यामुळे बाणेरला बेगलचं दुकान उघडल्याचं कळल्यावर जाणं भागच होतं. सासूबाई आपणहून निघाल्या. ज्याच्यापायी पोरगा आईच्या हातच्या पोह्यांना नाक मुरडतो, तो पदार्थ त्यांना समोरासमोर बघायचा होता.

मी वाचून गेलो होतो. खाण्याआधी पदार्थाची वंशावळ तपासून घेण्याची मला खोड आहे. १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा उठवणाऱ्या पोलंडच्या राजा सोबिएस्कीच्या सन्मानार्थ कुणा बेकरीवाल्याने रिकिबीच्या आकाराचा पाव केला आणि तोच पहिला बेगल, अशी एक झकास गोष्ट सांगतात. अडचण एवढीच, की क्राकूवच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख आहे. जन्माच्या आधीच नाव सरकारदरबारी लागलेलं! असली दंतकथा लेखी पुराव्याने खोडून काढण्यात जे सुख आहे, ते खाण्यातही नाही. गाडीत मी ते पुरेपूर उपभोगलं.

"ज्यूंचा पदार्थ म्हणता?" सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. "आमच्या रास्ता पेठेत शेजारी इस्रायलीच होते की. त्यांच्याकडे मलिदा असायचा, पोह्यांचा. नारळ, गूळ घालून. हे असलं काही कधी नाही पाहिलं."

'पोह्यांचा' या शब्दावर त्यांनी मुलाच्या मानेकडे पाहिलं.

त्यांचं बरोबर होतं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्रायली पुण्यात आले. इथलं 'लाल देऊळ' म्हणजे सिनेगॉग बांधवणारे डेव्हिड ससून तर बगदादचे. बेगल होता पोलंडकडच्या ज्यूंचा, आणि ते गेले न्यूयॉर्कला. कॅम्पात १८६७ पासून सिनेगॉग उभं असलेल्या शहराला बेगलसाठी आमच्या मेहुण्याची वाट पाहावी लागली, ती अशी.

दुकानात भिंतभर मेनू होता. किंमत वाचून सासूबाईंनी विचारलं, "डझनाची ना?" त्याखाली पेरीपेरी पनीर बेगल, चॉकलेट बेगल आणि ठळक अक्षरांत 'हंड्रेड पर्सेंट एगलेस'. आता साध्या बेगलमध्ये मुळात अंडं नसतंच. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडं माल्ट. पण पुण्यात शाकाहारी असून भागत नाही, तसं लिहावं लागतं. सगळ्यांत मी थबकलो तो 'जैन एव्हरीथिंग'पाशी. एव्हरीथिंग बेगलवर तीळ, खसखस, मीठ, सुका कांदा आणि लसूण असं सगळं असतं. त्यातून कांदा-लसूण वजा केल्यावरही नाव एव्हरीथिंगच! वैराग्याची इतकी प्रसन्न जाहिरात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

काचेपलीकडे एक पोरगा कणकेची कडी उकळत्या पाण्यात सोडत होता. "पाव उकळतात?" सासूबाईंनी पदर सावरला. मी सांगितलं, की उकळल्याने वरचा स्टार्च शिजून त्याचं कवच होतं, मग भट्टीत पाव फार फुगू शकत नाही. म्हणून तो बाहेरून चकचकीत आणि आतून दाट, चावायला जड होतो. "म्हणजे मुद्दाम करतात," त्या म्हणाल्या.

बेगल आले. दोघांनी एकाच बेगलचे दोन अर्धे घेतले. सासूबाई म्हणाल्या, "शिळा आहे." त्याच क्षणी मेहुणा म्हणाला, "फार मऊ आहे."

मला त्या दुकानदाराची मनापासून दया आली. जो गाव लादीपाव दोन बोटांनी दाबून विकत घेतो, त्या गावात हा माणूस दाबला न जाणारा पाव विकायला बसलेला. आणि बेगल बरोबर झाला तरच जो खूश होईल, तो एकुलता एक गिऱ्हाईक म्हणतो, "पाण्याचा फरक आहे. न्यूयॉर्कचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरातून येतं." त्यावर सासूबाई उसळल्या. "आणि आपलं खडकवासल्याचं काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही, पण बाणेरला निम्मं पाणी टँकरने येतं, हे कौटुंबिक शांततेसाठी मी गिळलं.

मी मेहुण्याला एवढंच म्हणालो, की न्यूयॉर्कचा बेगल तरी कुठे तसा राहिलाय? पूर्वी तिथे हाताने बेगल वळणाऱ्यांची जबरी युनियन होती, लोकल ३३८. आत शिरायला त्यातल्या कुणाचा तरी मुलगा किंवा भाचा असावं लागे. १९५१ च्या डिसेंबरात बेकऱ्या बंद पडल्या, तेव्हा शहरात बेगलचा दुष्काळ पडला. मग साठच्या दशकात डॅनियल थॉम्प्सनचं यंत्र आलं, लेंडर्सचे फ्रोझन बेगल घरोघर गेले आणि म्हातारे तिथेही कुरकुरू लागले, की हा बेगल नव्हेच, भोक पाडलेला बन आहे. "तू तपभर खाल्लास तो त्यांच्या लेखी आधीच बिघडलेला होता."

मेहुणा गप्प झाला. तेवढ्यात सासूबाईंनी मागवलेला चहा आला आणि त्यांनी आपला अर्धा त्यात बुडवला.

"आई! लोक बघतायत!"

"बघू दे. गोव्यात पाववाला पदेर पावाची कांकणं आणायचा, ती चहात बुडवूनच खायचो की. त्यालाही मध्ये भोकच." त्यांनी सावकाश चघळलं. "आता जरा बरा लागतोय."

मग त्यांनी काउंटरवरच्या पोराला हाक मारली. "बाळा, कालचे उरलेले असतील ते स्वस्तात देता का रे?"

"नाही हो आजी, दुसऱ्या दिवशी आम्ही विकतच नाही. फार कडक होतो."

"याच्याहून?"

पोराकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंनी माझ्या ताटलीतला उरलेला तुकडा उचलला, टिश्यूत नीट गुंडाळला आणि उद्या सकाळी बघू म्हणून पर्समध्ये टाकला.