अण्णा किल्ला बघतात

परदेशी निघालेल्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक अण्णा असतात. कुणाकडे ते बापू असतात, कुणाकडे भाऊ. पण पायात चिखलाचे डाग न गेलेले ट्रेकिंगचे बूट आणि गळ्यात शिट्टी दिसली की ओळखायचं. हे गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर कंटाळतात आणि म्युझियममध्ये बाकडं शोधतात. आयफेल टॉवरखाली उभं राहून "गंज लागत नाही का?" एवढंच विचारतात. मात्र बसमधून लांबच्या डोंगरावर चार दगड एका रेषेत दिसू देत, काचेला नाक लावून ओरडतात, "तटबंदी!"

आमचे अण्णा दक्षिण फ्रान्सला आले ते याच तटबंदीपायी. भूमध्य समुद्राच्या काठचा लांगदोक आणि रुसियों हा मुलूख. बाकीच्या जगाला तो द्राक्षमळ्यांसाठी आणि निळ्या पाण्यासाठी ठाऊक आहे. काकूंनाही अण्णांनी तसंच सांगून आणलं होतं. इथल्या जवळजवळ प्रत्येक सुळक्यावर तेराव्या शतकातला एखादा किल्ला बसलेला आहे, ही माहिती काकूंना विमान सुटल्यावर मिळाली.

अण्णांची किल्ला बघायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी लांबून बघायचं. हात कपाळावर धरून, डोळे बारीक करून, जणू उद्या पहाटे चढाई करायची आहे. मग शत्रू कुठून येईल ते ठरवायचं. मग तटाला तळहात लावायचा, सांध्यातला चुना नखानं खरवडायचा आणि "बांधकाम चांगलंय, पण..." म्हणायचं. त्या 'पण'नंतर काय येणार हे ग्रुपमधल्या लहान पोरांनाही पाठ झालं होतं. "पण पाणी कुठंय?"

राजवाड्यातली दालनं, रंगीत काचा, कोरीव खांब यातलं काहीही अण्णांना थांबवत नाही. टाकं सापडेपर्यंत ते किल्ला पाहिलाच असं मानत नाहीत. सापडल्यावर वाकून आत बघतात, मान डोलावतात आणि मगच काकूंना डबा उघडायची परवानगी मिळते. गाईड मुलगी इतिहास सांगायला तोंड उघडते तोच मागून येतं, "मॅडम, व्हेअर वॉटर?" तिनं पहिल्यांदा स्वतःच्या पिशवीतली बाटली पुढे केली. अण्णांनी ती घेतली, पाणी प्यायले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

कार्कासोनमध्ये तर कहरच झाला. बावन्न बुरूज, दुहेरी तट, सगळा मिळून तीनेक किलोमीटरचा घेर. बघणाऱ्याचा आ वासलेला मिटत नाही. अण्णांनी मुख्य नार्बोन दरवाजासमोर उभं राहून निकाल दिला, "सरळसोट! गोमुखी रचना नाही. आणि दाराला खिळे कुठायत?" आम्ही म्हटलं, अण्णा, खिळे हत्तीसाठी असतात, फ्रान्समध्ये हत्ती कुठले आणायचे? "तयारी पाहिजे," अण्णा म्हणाले. पश्चिमेच्या ओद दरवाजाकडे आल्यावर मात्र गडी खुलला. तिथे वाट चढत, वळणं घेत येते आणि प्रत्येक वळणावर वरच्या तटातून मारा करता येतो. "हं! हे कोणीतरी डोकं वापरून बांधलंय." अण्णांनी त्या वाटेवर स्वतः खालीवर चढउतार केली, आम्हाला तटावर उभं केलं आणि "आता मला मारा" म्हणून खालून ओरडले. ग्रुपमधल्या दोघांची ती इच्छा सकाळपासूनच होती.

बुरुजांवरच्या टोकदार टोप्या त्यांना आवडल्या नाहीत. "ह्या नंतरच्या वाटतात." गाईड मुलगी चमकली, कारण ते खरंच आहे. पडझड झालेलं कार्कासोन १८५३ पासून व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदानं उभं करायला घेतलं आणि या पाटीच्या दगडाच्या शंकूंवरून त्याच्यावर टीकाही झाली, की हे उत्तरेकडचं फॅड दक्षिणेत कशाला. अण्णांनी त्या दिवंगत वास्तुविशारदाला अर्धं माफ केलं. "निदान केलं तरी. आपल्याकडे निधी मंजूर होईपर्यंत बुरूज थांबत नाही." हे बोलून झाल्यावर देशाची बाजू पडती राहू नये म्हणून लगेच पुढे, "कार्कासोन १९९७ ला युनेस्कोच्या यादीत आलं ना? आमचे किल्ले २०२५ ला आले. उशिरा आले, पण एकदम बारा आले."

कार्कासोनची लाडकी दंतकथाही गाईडनं सांगितली. सम्राट शार्लमेनचा वेढा पडलेला, आत धान्य संपत आलेलं. कार्कास नावाच्या राणीनं उरलासुरला गहू एका डुकराला खाऊ घातला आणि ते डुक्कर तटावरून खाली फेकलं. फुटलेल्या पोटातून गहू सांडलेला पाहून शत्रूला वाटलं, यांच्याकडे डुकरांनाही गहू घालण्याइतकी चंगळ आहे, आणि वेढा उठला. सगळे हसले. अण्णांनी "गनिमी कावा" अशी दाद दिली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "एवढा कोरडा गहू खाल्ल्यावर त्या डुकराला पाणी कुठलं पाजलं?"

इथे त्या बिचाऱ्या मुलीचा संयम सुटायला हवा होता. पण ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, खरा वेढा १२०९ चा, आणि कार्कासोन पाण्यानंच पडलं.

मग तिनं जे सांगितलं ते ऐकताना अण्णांची छाती इंचाइंचानं फुगत गेली. या भागात कॅथार पंथाचे लोक राहत. रोमच्या चर्चला ते पाखंडी वाटत. पोप तिसऱ्या इनोसंटनं त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं आणि उत्तरेचे सरदार फौजा घेऊन खाली उतरले. ऐन उन्हाळ्यात कार्कासोनचं पाणी तोडलं गेलं. तरुण जहागीरदार रेमों-रोजे त्रांकाव्हेल शरण आला आणि काही महिन्यांतच स्वतःच्याच किल्ल्याच्या कोठडीत मेला. पुढच्या वर्षी, १२१० मध्ये, मिनेर्व गावाला वेढा पडला. धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोरनं दरीपलीकडे दगड फेकणारी प्रचंड यंत्रं उभी केली आणि नेमकी विहिरीकडे उतरणारी वाट फोडली. गाव शरण आलं. धर्म सोडायला नकार देणारे सुमारे १४० कॅथार तिथे जिवंत जाळले गेले.

मिनेर्वला आम्ही गेलो तेव्हा बाकीची मंडळी आइस्क्रीमच्या रांगेत होती. किल्ल्याचा तिथे जेमतेम एक उंच, सडपातळ अवशेष उरलाय. अण्णा तिकडे फिरकलेच नाहीत. गुडघा दुखत असताना पायवाटेनं खाली विहिरीपर्यंत उतरले, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नदीच्या गोट्यांवरून समोरच्या कड्याकडे बघत राहिले. यंत्र कुठे ठेवलं असेल याचा अंदाज घेतला. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. वर आल्यावर एवढंच बोलले, "चोरवाट हवी होती." काकूंनी न विचारता डबा उघडला.

तेर्मच्या किल्ल्याची हकिगत तर अण्णांच्या खास प्रांतातली निघाली. तोही वेढा त्याच वर्षीचा. चार महिने किल्ला लढला. टाकी आटली, पिंपांत फक्त वाईन राहिली. शरण जायचं ठरलं, आणि त्याच रात्री धो धो पाऊस! टाकी भरली, तह मोडला. पण ते पाणी दूषित निघालं, आत हगवण पसरली आणि लोक रात्रीच्या अंधारात किल्ला सोडून पळायला लागले. गाईड हे करुण आवाजात सांगत होती. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "गाळ काढला नव्हता! पावसाआधी टाकी उपसायलाच पाहिजेत." दर मे महिन्यात रविवारी रविवारी पोरांना घेऊन, कमरेएवढ्या चिखलात उभं राहून गडावरची टाकी उपसणाऱ्या माणसाला आठशे वर्षांपूर्वीच्या त्या पराभवाचं कारण कुणी शिकवायची गरज नव्हती.

एवढं सगळं पटल्यावरही तुलना थांबली नाही. केरिब्युसचा किल्ला ७२८ मीटरवर, सुळक्याच्या टोकावर आहे. वर हवा स्वच्छ असली की एका बाजूला पिरेनीज आणि दुसरीकडे समुद्राची रेघ दिसते. अण्णा म्हणाले, "छान. राजगड तेराशेच्या वर." पेयरपेर्त्यूजच्या किल्ल्याला कड्यात खोदलेला जिना आहे, फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या हुकमानं १२४२ मध्ये तयार झालेला. वारा असा, की जिन्याला लावलेला दोर दोन्ही हातांनी धरावा लागतो. "हरिहर गडाच्या पायऱ्या चढलायत का तुम्ही?" अण्णांनी मागून येणाऱ्या एका जर्मन जोडप्याला विचारलं. जोडपं चढलेलं नव्हतं. माथ्यावर पोचून अण्णांनी शिवगर्जना दिली. वाऱ्यानं ती अर्धीच ऐकू आली, तरी त्या जर्मन बाईंनी टाळ्या वाजवल्या. तटाच्या एका दगडावर कुणीतरी आपलं नाव कोरलेलं दिसल्यावर अण्णा आधी संतापले आणि मग बऱ्यापैकी सुखावले. "म्हणजे फक्त आपलीच माणसं नाहीत!"

बिनशर्त शाबासकी मिळाली ती एकट्या साल्सला. तोफांचा जमाना आल्यावर स्पेननं १४९७ पासून बांधलेला हा भुईकोट निम्मा जमिनीत दडलेला आहे आणि त्याच्या भिंती कित्येक मीटर जाड आहेत. अण्णांनी तबेले पाहिले, भटारखाना पाहिला, शौचकूप तर दोनदा पाहिले आणि 'पण' न लावता म्हणाले, "जमलंय." काकूंनी ही वेळ घड्याळात बघून ठेवली.

परत आल्यावर अण्णा पोरांना घेऊन राजगडावर गेले. आम्हीही होतो. संजीवनी माचीवर पोचेपर्यंत अण्णांनी फ्रान्समधले साइनबोर्ड, तिथली कचऱ्याची व्यवस्था, केरिब्युसचा वारा आणि साल्सच्या भिंती यांची इतकी स्तुती केली, की एका पोरानं शेवटी विचारलं, "अण्णा, मग राजगड काय वाईट आहे का?"

अण्णा काही बोलायच्या आत काकू धाप टाकत म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस बाळा. यांना जगातला कुठलाही किल्ला आवडतो, फक्त ज्याच्यावर उभे आहेत तो सोडून."