किंडर स्काउट आणि एका बुटाचे अधोगमन

मूर म्हणजे थंड, पावसाळी प्रदेशातील उंचावरचा वृक्षहीन माळ; तेथील आम्लधर्मी, सदैव भिजलेल्या जमिनीत मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि त्यांचा पीट नावाचा काळा, लिबलिबीत थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने साचत जातो. डर्बीशायरमधील किंडर स्काउट (६३६ मीटर) हा असा मूर असून डोंगराला शेंडा असावा ही किमान अपेक्षाही तो पुरी करत नाही. जेकब्स लॅडरची चढण संपली की सपाट पठार लागते आणि सर्वोच्च बिंदू त्यातल्याच चिखलात कुठेतरी असतो. पश्चिमेचा वारा जोरात असला की किंडर डाउनफॉल या सुमारे तीस मीटरांच्या धबधब्याचे पाणी उलटे वर उडते.

पाणी वर जाते आणि माणूस खाली, हा या डोंगराचा दुसरा नियम सह्याद्रीतल्या डझनभर किल्ल्यांच्या भांडवलावर ईडेल स्टेशनात उतरलेल्या प्रस्तुत प्रवाशाने सिद्ध केला. सर्वोच्च बिंदूवर पाय ठेवायचाच, या हट्टाने त्याने वाट सोडली आणि पाण्याने पीटमध्ये कोरलेली घळ, जिला तेथे ग्रफ म्हणतात, ती उडी मारून ओलांडली. डावा पाय पोचला, उजवा मांडीपर्यंत रुतला, आणि पुष्कळ झटापटीनंतर पाय तेवढा बाहेर आला, बूट आला नाही. बूट चाळीस सेंटिमीटर खाली धरला तरी मिलिमीटरच्या हिशेबाने तो शिवजन्माच्याही मागे पोचला होता; शिवाय वरचे थर वाहून गेलेले असल्याने खरा काळ त्याहून जुना असणार, हा सूक्ष्म विचार एका पायावर उभ्या असलेल्या माणसास सुचला, यावरून त्याच्या विद्वत्तेची आणि परिस्थितीची कल्पना यावी.

याच डोंगरावर, जमीनमालकांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या मुरावर, २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार मुद्दाम मनाई मोडून चढले होते. त्यांतील पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली आणि त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. आठवड्याच्या एका सुट्टीत मोकळी वाट आणि थोडा वारा, एवढेच त्यांचे मागणे होते.

बूट अखेर कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी आपल्या काठीने उपसून दिला आणि प्रवाशाचे लांबलेले आभारप्रदर्शन मध्येच तोडून, दुसऱ्याही बुटाची नाडी सुटली आहे एवढे सांगून त्या धुक्यात दिसेनाशा झाल्या.