विजयाच्या अधीन राहून पाठिंबा

गोंदिया जिल्हा आणि कारगिलचे युद्ध ही जवळजवळ जुळी भावंडे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला आणि काही आठवड्यांत द्रास, बटालिक, टायगर हिल ही नावे इथल्या पानठेल्यांवर पाठ झाली. त्यामुळे जिल्ह्याची देशभक्ती उपजतच विजयी आहे. 26 जुलैला कारगिल विजय दिवस, 16 डिसेंबरला बांगलादेशचा विजय दिवस. जयस्तंभ चौकात फलक लागायला एवढे निमित्त पुरते. फलकाची रचना सर्वांच्या परिचयाची आहे: वर मोठ्या साहेबांची छबी, बाजूला मधल्या साहेबांची, खाली होतकरू साहेबांची रांग आणि उरलेल्या जागेत एक जवान. तो बहुधा इंटरनेटवरून उतरवलेला असतो, गणवेश कोणत्या देशाचा याची फारशी चौकशी न करता. हरकत नाही. शुभेच्छुकांच्या गर्दीत जवानाला उभे राहायला जागा मिळते, हेही थोडे नव्हे. पण 29 जुलै आणि 24 मार्च या दोन तारखांना कोणाला फ्लेक्सवाल्याची आठवण का होत नाही? पहिली तारीख 1987 ची, दुसरी 1990 ची. या दोहोंच्या मध्ये श्रीलंकेत भारताचे सुमारे 1,200 जवान मारले गेले. कारगिलचा आकडा 527 आहे. फलक बलिदानाच्या हिशेबाने लागत असते तर छापखान्याची बिले निराळी दिसली असती.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची, श्रीलंकेने प्रांतांना अधिकार द्यायचे आणि दोघे दिलेला शब्द पाळतात की नाही हे पाहायला भारताची शांतिसेना जायची, असा बेत होता. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. पुढच्या पाहुणचाराचा अंदाज तिथेच यायला हवा होता. ऑक्टोबर उजाडेपर्यंत शांतिसेना लिट्टेशी लढू लागली, म्हणजे ज्या संघटनेला काही वर्षांपूर्वी भारतानेच प्रशिक्षण दिले होते तिच्याशी. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या 13 शीख लाइट इन्फंट्रीच्या 30 जवानांपैकी 29 मारले गेले आणि एक कैद झाला. तारीख होती 12 ऑक्टोबर.

त्या महिन्यात देश काय करत होता? रिलायन्स कप पाहत होता. 9 ऑक्टोबरला मद्रासमध्ये भारत ऑस्ट्रेलियाकडून एका धावेने हरला आणि घराघरात चूल थंडावली. त्याच मद्रासमधून शांतिसेनेचा कारभार हाकला जात होता. जाफना शहर हाती आले ते महिना संपता संपता, आणि 31 ऑक्टोबरला आपल्या नागपुरात चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, गावस्करांनी एकदिवसीय सामन्यातले आपले एकमेव शतक ठोकले. विदर्भाला त्या ऑक्टोबरबद्दल विचारा, या दोन गोष्टी लोक चेंडूगणिक सांगतील. जाफन्याबद्दल विचारू नका. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागे तेव्हा रस्ते ओस पडत. 1988 मध्ये देशाने लंकेचे युद्ध भक्तिभावाने आणि शेवटपर्यंत पाहिले, पण ते टीव्हीवरचे. खऱ्या लंकेतल्या युद्धात पटकथा कोणाकडेच नव्हती आणि प्रायोजकही नव्हता. संसदेत तोफांची चर्चा जोरात होती, मात्र ती तोफेच्या दलालीची. तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाचा विषय पटलावर फारसा आला नाही.

माझे म्हणणे एवढेच की आपण जवानाला पाठिंबा देतो असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात पाठिंबा निकालाला देत असतो. सरकारी भाषेत सांगायचे तर हा पाठिंबा 'विजयाच्या अधीन राहून' मंजूर केलेला असतो. पीक हाती आल्यावर पावसाचे कौतुक करावे, तसे. विजय झाला की मंजुरी पूर्वलक्षी प्रभावाने लागू होते, मिरवणूक निघते, चौकाला नाव मिळते. निकाल संदिग्ध राहिला की फाइल तशीच पडून राहते. श्रीलंकेत निकाल संदिग्ध होता, किंबहुना पुरेसा वाईट होता. श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी शांतिसेनेला घरी जायला सांगितले, दिल्लीत सरकार बदलले आणि 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी परत निघाली. मद्रासच्या बंदरावर स्वागत झाले, पण तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी तिकडे फिरकले नाहीत. तमिळांवर गोळ्या चालवणाऱ्या सैन्याचे स्वागत आपण करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. तरी निदान आपण का येत नाही हे त्यांनी उघड सांगितले. बाकीचे बहुतेक राज्यकर्ते न सांगता आले नाहीत. महाराष्ट्रात तेव्हा निवडणूक नुकतीच आटोपली होती आणि नव्या मंत्रिमंडळात कोण शिरते, कोण राहते हा प्रश्न जाफन्यापेक्षा कितीतरी निकडीचा होता.

महाराष्ट्राचा या लढाईशी संबंध काय, असे कोणी विचारील म्हणून एक उदाहरण. त्या मोहिमेत परमवीरचक्र एकच दिले गेले, तेही मरणोत्तर, मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना. मुंबईत जन्मलेला हा अधिकारी 8 महार पलटणीचा. 25 नोव्हेंबर 1987 रोजी शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही ते हुकूम देत राहिले. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर 1941 मध्ये बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट ही विदर्भातल्या अनेक घरांची रेजिमेंट आहे. असा माणूस 1999 मध्ये गेला असता तर त्याच्यावर चित्रपट निघाला असता. 1987 मध्ये गेला, त्यामुळे तो बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका गुणासाठी राहतो. शांतिसेनेच्या मृतांची नावे कोरलेले स्मारक कोलंबोजवळ कोट्टे येथे श्रीलंकेने उभारले, ज्या देशाने त्यांना घालवले होते त्याच देशाने. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले 2019 मध्ये, कोट्टेनंतर कितीतरी वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप असा की ते युद्धच चुकीचे होते, मग लोक गप्प राहिले यात नवल काय? युद्ध चुकीचे होते यावर वाद घालता येईल आणि मी घालणार नाही. पण कोलंबोतल्या करारावर कोणत्या शिपायाची सही होती? जाणे त्याच्या हातात नव्हते, परतणेही नव्हते. धोरणावरचा राग ज्यांनी धोरण आखले त्यांच्या दारात न्यायचा सोडून आपण तो परतणाऱ्याच्या वाट्याला मौनाच्या रूपाने दिला. अमेरिकेने व्हिएतनामनंतर हीच चूक केली आणि मग ती सुधारताना दुसऱ्या टोकाला गेली. 2003 मध्ये इराकवर चढाई झाली तेव्हा गाड्यांच्या मागे पिवळ्या फितीचे स्टिकर लागले: आमच्या सैनिकांना पाठिंबा द्या. ते लावल्यावर युद्ध कशासाठी आहे हे विचारणे असभ्य ठरू लागले. जी संहारक अस्त्रे शोधायला सैन्य गेले ती सापडलीच नाहीत. स्टिकरे मात्र मुबलक सापडत होती. म्हणजे एकीकडे युद्ध नावडते म्हणून सैनिक नावडता, दुसरीकडे सैनिक आवडता म्हणून युद्धही आवडून घ्या. आपल्याला यातली निवड करण्याची सक्ती नव्हती, म्हणून आपण सवडीने दोन्ही घेतल्या: 1987 मध्ये पहिली, आणि पुढे वृत्तवाहिन्यांच्या रात्री नऊच्या चर्चेत दुसरी.

दुसरा आक्षेप जास्त मानी आहे: युद्ध चालू असताना प्रश्न विचारल्याने जवानाचे मनोधैर्य खचते. हा आक्षेप साधारणपणे अशा घरांतून येतो जिथून सैन्यात कोणी गेलेले नसते, पण तेवढ्यावरून तो निकालात काढणे बरे नाही. इतिहासाकडे जाऊ. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या. एप्रिल 1916 मध्ये उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. अन्नाचा, औषधांचा, नौकांचा, सगळ्याचाच दुष्काळ होता. त्यावर युद्ध चालू असतानाच इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला, 1917 मध्ये अहवाल छापला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. ब्रिटिश साम्राज्याने त्यानंतर युद्ध हरल्याचे ऐकिवात नाही. पुढच्या वर्षी, 10 जून 1918 रोजी, मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली. सैन्यभरतीला टिळकांचा विरोध नव्हता, पण स्वराज्याशिवाय देशरक्षणाला अर्थ काय, हे विचारायला ते उभे राहिले. गव्हर्नरने मध्येच थांबवले तेव्हा ते सभा सोडून निघाले. आज एखाद्या वाहिनीवर टिळकांनी तेच म्हटले असते तर खालची पट्टी काय चालली असती हे सांगायला नको. घरचेच उदाहरण हवे असेल तर कारगिल संपताच के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली, तिचा अहवाल संसदेपुढे आला, कमतरता लोकांना कळल्या. त्याने कोणाचे धैर्य खचले? श्रीलंकेच्या मोहिमेचा असा जाहीर लेखाजोखा लोकांपुढे ठेवला गेला नाही. नकाशे अपुरे होते, माहिती चुकीची होती, हे आपल्याला निवृत्त सेनापतींच्या आठवणींतून वाचावे लागते. विजयाची चौकशी होते आणि अपयशाची होत नाही, हा प्रकार हिशेबनिसाला विचारा, तोही डोके खाजवील.

उरला व्यवहारी आक्षेप. जवान स्वेच्छेने जातो, पगार घेतो, आणि समुद्रापासून एवढ्या दूर गोंदियात बसून आपण करणार तरी काय? स्वेच्छेने तो सैन्यात जातो, अमुक एका युद्धात नाही, ही गोष्ट सोडून देऊ. गोंदियात बसून काय करता येते याची सोय सरकारने 1949 पासून केलेली आहे. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्यासाठी जिल्ह्याला निधीचा इष्टांक ठरवून मिळतो, जिल्हा तो कार्यालयांना वाटून देतो, आणि कार्यालये तो पूर्ण करतात. देशाबद्दलची कृतज्ञता खातेनिहाय वाटून टक्केवारीत मोजणारी ही पद्धत जगात फार ठिकाणी नसावी. पैसा चांगल्या कामी लागतो, वसतिगृहे चालतात, शिष्यवृत्त्या मिळतात. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी की एकदा टक्के शंभरावर गेले की बाकीचा पाठिंबा पुढच्या डिसेंबरपर्यंत मोकळा होतो. मग सैनिकाचा फेरफार तलाठ्याकडे अडकतो, रस्त्याचा वाद तहसीलमध्ये पडून राहतो. ही कामे हलावीत म्हणून 2022 मध्ये राज्याला खास 'अमृत जवान अभियान' काढावे लागले. एरवी जे काम अर्जाने व्हायचे त्याला अभियान लागते, यात जवानाचा गौरव किती आणि कार्यालयाचा कबुलीजबाब किती, ते वाचकांनी ठरवावे. वरच्या पातळीवर चित्र याहून भव्य आहे. समान पद, समान निवृत्तिवेतन मागणाऱ्या माजी सैनिकांना 2015 मध्ये दिल्ली पोलिसांनी जंतरमंतरवर धक्काबुक्की केली, तीही 14 ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यासमोर शिस्तबद्ध गर्दी हवी होती, म्हणून असेल. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा खटला जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार अपिलात जाते, ही तर आता बातमीही राहिलेली नाही.

मग पाठिंबा म्हणतात तो कसा असतो? आपल्याकडे त्याचे एक चोख उदाहरण आहे आणि ते कोणाच्याच लक्षात नाही. इराक जिंकल्यानंतर तिथली व्यवस्था राखायला अमेरिकेने भारताकडे एक डिव्हिजन मागितली, सुमारे 17 हजार सैनिक. दिल्लीत मोह कमी नव्हता. महासत्तेच्या पंगतीत पान मिळणार होते. पण एप्रिल 2003 मध्ये लोकसभेने त्या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केलेला होता. विरोधकांनी विचारले, सत्ताधाऱ्यांच्या घरातूनही विचारले गेले: कोणाच्या हुकमाखाली, किती दिवस आणि कोणाशी लढायला? श्रीलंका कोणीतरी आठवणीत ठेवली होती. 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवता येणार नाही, असे सांगितले. त्या डिव्हिजनमध्ये तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी-मोरगावचे किती जण गेले असते कोण जाणे. ते आज निवृत्त होऊन धान विकत असतील, बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसत असतील, बोनस कधी जमा होणार म्हणून कुरकुरत असतील. त्यांच्या नावाने फलक लावायचा तर मजकुराची पंचाईत आहे, कारण 'इराकला न गेलेल्या वीर जवानांचे हार्दिक अभिनंदन' हे वाचून लोक हसतील. त्याहून मोठी पंचाईत खालच्या रांगेची. तो निर्णय भाजपच्या पंतप्रधानांचा, प्रश्न काँग्रेसचे आणि डाव्यांचे, ठराव सगळ्यांचा; एवढे सगळे साहेब एकाच ओळीत मावतील इतका रुंद फ्लेक्स गोंदियात छापून मिळतो का, याची आधी चौकशी करावी लागेल.